मुसलमान घरात जुनं इंग्रजी साहित्य कशाला वाचायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात अकरावी-बारावीला आणि बी.ए.ला इंग्रजी शिकवते. वर्गात उर्दू मिडियमची पोरं असतात, यावल-रावेरकडची तडवी (मुसलमान भिल्ल) घरातली मराठी मिडियमची असतात, आणि दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, पोरांकडून कमी, पालकांकडून जास्त. कधी कधी तर वलीम्याच्या (लग्नानंतरच्या) जेवणात ताटावर गाठतात लोक. म्हणून एकदाचं लिहून टाकलं, आणि मराठीत लिहिलं कारण तडवी पोरं आणि मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या बऱ्याच अम्म्या उर्दूपेक्षा हेच पटकन वाचतात.

बाजी (ताई), आधी हे सांगा, हे वाचणं हराम आहे का?

फतवा पाहिजे तर मुफ्ती साहेबांकडे जा, मी शिक्षिका आहे. पण मला माहीत आहे तेवढं सांगते. सूरह शुअरामध्ये कवींच्या मागे भरकटलेले लोक जातात असं आलंय, आणि सांगणारे तिथंच थांबतात, पण सूरहच्या शेवटच्या आयतीत ईमानवाले आणि नेक काम करणारे कवी त्यातून वेगळे काढलेत ते कोणी सांगत नाही. बुखारीत, म्हणजे पैगंबरांच्या हदीसींच्या (वचनांच्या) संग्रहात, आहे की काही कवितेत हिकमत (शहाणपण) असते. आणि मला सगळ्यात आवडते ती सहीह मुस्लिममधली हदीस. एक सहाबी (पैगंबरांचे साथीदार) पैगंबर (स.) यांच्यासोबत एकाच सवारीवर मागे बसलेले, तर पैगंबरांनी विचारलं, उमय्या बिन अबी सल्तच्या काही ओळी येतात का तुला. त्यांनी एक ऐकवली, पैगंबर म्हणाले अजून, मग अजून एक, मग अजून, असं करत करत शंभर ओळी झाल्या. हा उमय्या मुसलमान झालेला नव्हता बरं का. चांगली ओळ कोणाच्याही तोंडची असो, ऐकून घेतली गेली.

"इल्मसाठी (ज्ञानासाठी) चीनपर्यंत जा" हे पालकसभेत प्रत्येक पाहुणा म्हणतो, पण मुहद्दिसीन, म्हणजे हदीसचे जाणकार, ती रिवायत कमजोर मानतात. उमय्यावाली पक्की असताना कमजोर कशाला वापरायची?

पण कुराण समजून वाचलं नाही अजून आणि शेक्सपियर कुठे घेऊन बसायचा?

आधी कुराण, त्यात वादच नाही. फक्त हे एक माहीत असू द्या की आपल्याकडे घरात आणि मशिदीच्या कपाटात कुराणाचे जे इंग्रजी तर्जुमे (भाषांतरं) सापडतात त्यातले दोन मोठे तर्जुमे याच साहित्यात मुरलेल्या माणसांनी केलेत. पिकथॉल हा आधी इंग्रज कादंबरीकार होता, १९१७ मध्ये त्याने इस्लाम कबूल केला, नंतर मुंबईत येऊन बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक झाला, मग निजामाच्या हैदराबादेत नोकरी धरली आणि १९३० मध्ये त्याचा तर्जुमा आला. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली, १८७२ चा जन्म, त्यांचा तर्जुमा १९३४ पासून छापायला लागला, आणि त्याच्या खालच्या टिपा वाचा कधी निवांत, त्यात इंग्रजी कवींचे दाखले येतात. त्या माणसाला आयत समजावताना इंग्रजी कविता आठवत होती आणि त्यात त्याला काही अडचण वाटली नाही.

आणि उर्दू शाळेतल्या पोरांना तर मी सरळ म्हणते की तुम्ही हे पहिलीपासून वाचताय. परिपाठाला "लब पे आती है दुआ" म्हणता ना? इकबालने बांगे-दरा या आपल्या कवितासंग्रहात त्यावर स्वतःच माखूज असं लिहिलंय, म्हणजे इंग्रजी कवितेवरून घेतलेली. जुगनू आणि बुलबुलवाली "हमदर्दी" विल्यम कूपरवरून. मकडा आणि मक्खी मेरी हॉविटवरून. सगळं आपलं समजून पाठ केलं आणि आपलंच झालं ते.

ईमान कमजोर होईल असं वाटतं.

इकबालनेच लिहून ठेवलंय की विद्यार्थीदशेत त्याला नास्तिक होण्यापासून वर्ड्सवर्थने वाचवलं. उलटंही होत असेल एखाद्याचं, मी नाही म्हणत नाही. पण ज्याचं ईमान एका कादंबरीने हलतं त्याचं कादंबरीच्या आधी दुसऱ्या कशाने तरी हललेलं असतं, आणि तो मोबाईल तर आपण दहावीच्या निकालालाच बक्षीस म्हणून घेऊन दिलेला असतो.

या पुस्तकांत इस्लामबद्दल आणि आपल्या लोकांबद्दल घाणेरडं लिहिलंय, ते खरं का?

खरं आहे, लपवायचं काय त्यात. मार्लोच्या टॅम्बरलेन नाटकात, १५८० च्या दशकातलं हे, स्टेजवर कुराण जाळतात. जुन्या इंग्रजी नाटकांत तुर्क म्हटला की बहुतेक वेळा क्रूर नाहीतर लंपट. ऑथेल्लोसारखं नाटक सुद्धा, ज्यात हिरोच मूर (उत्तर आफ्रिकेकडचा) आहे, त्यात पहिल्याच सीनमध्ये लोक त्याला जनावराची नावं ठेवतात. पण मग तिथंच थांबून पाहा की शेक्सपियर ती नावं कोणाच्या तोंडी घालतोय. इयागोच्या. नाटकातला सगळ्यात सडका माणूस तो. आणि १६०० साली मोरोक्कोच्या सुलतानाचा राजदूत लंडनला एलिझाबेथ राणीच्या दरबारात येऊन राहून गेला होता, लंडनच्या लोकांनी फेटेवाला मुसलमान डोळ्याने पाहिला होता, त्यानंतर तीन-चार वर्षांत हे नाटक आलं. सगळं एका रंगाचं नाहीये हे सांगायचंय मला.

अजून मागे जा. चॉसर, चौदावं शतक. त्याच्या एका गोष्टीत सीरियाच्या सुलतानाची आई खलनायिका आहे, लग्नाच्या जेवणावळीत कत्तल करवते. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला एक डॉक्टर येतो आणि हा डॉक्टर किती शिकलेला हे दाखवायला चॉसर नावं घेतो कोणाची, तर राझी, इब्ने सीना, इब्ने रुश्द या मुसलमान हकीमांची. एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात दोन्ही. इंग्रजी लेखक थॉमस कार्लाइलने तर ८ मे १८४० ला लंडनमध्ये भर सभेत पैगंबरांवर लेक्चर दिलं आणि सांगितलं की त्यांना ढोंगी म्हणणं आता बंद करा, तो समज टिकणारा नाही. आता हाच कार्लाइल त्याच लेक्चरमध्ये कुराण वाचायला कंटाळवाणं आहे असंही म्हणतो, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये तेवढी ओळ गाळलेली असते. मला हे आवडत नाही. तारीफ तेवढी घ्यायची आणि बाकी लपवायचं, हे तर शिवी तेवढी पाहून पुस्तक फेकण्याचंच दुसरं टोक झालं. पूर्ण वाचा, जिथं राग येतो तिथं समासात पेन्सिलीने लिहा की राग आला आणि का आला. माझ्या वर्गात सगळ्यात चांगली उत्तरं अशा रागावलेल्या पोरांचीच येतात.

आपल्या खान्देशाचा काय संबंध या सगळ्याशी?

लोकांना वाटतं तेवढा लांबचा नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतला उतरला आणि अजमेरला जहांगीरकडे जाताना आपल्याच रस्त्याने गेला, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर करत बऱ्हाणपूर. तेव्हा बऱ्हाणपूर खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणं, तिथं जहांगीरचा मुलगा शहजादा परवेज होता. रोने त्याला भेटीत दारूच्या बाटल्यांची पेटी दिली आणि शहजादा इतका प्याला की पुढची ठरलेली भेट राहूनच गेली, हे रोच्या रोजनिशीत आहे. (कोणी म्हणालं की इंग्रजांनी आपल्याला बिघडवलं तर मी हा किस्सा सांगते, परवेज आधीपासूनच तयारीचा होता.)

मग १६७५ मध्ये इंग्रज नाटककार ड्रायडनने लंडनच्या स्टेजवर औरंगजेबावर नाटक आणलं, औरंगजेब तेव्हा जिवंत आणि गादीवर होता. नाव काढलं की आजकाल वादच होतो म्हणून फक्त नाटकाचं बोलते. नाटकातला औरंगजेब म्हणजे बापाशी एकनिष्ठ, सोशिक, सद्गुणी पोरगा, आणि शेवटी बाप खुश होऊन त्याला राज्य देतो. खऱ्यात काय झालं ते चौथीच्या पोराला पण माहीत आहे, बापाला आग्ऱ्याच्या किल्ल्यात कैद. ड्रायडन काही हिंदुस्थानात आलेला नव्हता, त्याला इंग्लंडच्या राजकारणाबद्दल बोलायचं होतं आणि त्यासाठी आपला माणूस उचलला. हे एकदा कळलं की त्या काळच्या पुस्तकांतला सुलतान, हरम, फकीर असं काहीही आलं की पोरं स्वतःच विचारतात, मिस, हा खरा आहे का यांनी बनवलेला? हा प्रश्न पडला म्हणजे पोरगं वाचायला शिकलं.

मुसलमान वाचकाला यातून वेगळं काय मिळतं जे दुसऱ्याला मिळत नाही?

इथे जरा लांबण लावणार आहे कारण माझ्या मते खरा मुद्दा हाच. लोक धरून चालतात की आपण या पुस्तकांसमोर कमी पडतो, पार्श्वभूमी माहीत नाही, चर्च माहीत नाही. पण बऱ्याच ठिकाणी आपल्याला जास्त कळतं.

प्राइड अँड प्रेज्युडिस घ्या, जेन ऑस्टिन, १८१३. बेनेट साहेबांना पाच मुली, मुलगा नाही. इस्टेटीचं वर्षाचं उत्पन्न दोन हजार पौंड, पण इस्टेट अशी बांधलेली की फक्त पुरुष वारसाकडे जाणार, म्हणजे बाप गेला की सगळं कोलिन्स नावाच्या लांबच्या चुलत भावाकडे आणि आई-मुली रस्त्यावर. आजकालच्या पोरांना, कुठल्याही धर्माच्या, पुस्तकात एवढी घाई कसली चाललीय लग्नाची ते कळतच नाही. आमच्या पोरींना मी फळ्यावर हिशोब करायला लावते. सूरह निसाप्रमाणे मुलगा नसेल आणि दोन किंवा जास्त मुली असतील तर मुलींना मिळून दोन तृतीयांश, बायकोला आठवा हिस्सा, राहिलेलं बापाकडच्या जवळच्या पुरुष नातेवाइकाला. कोलिन्सचं नातं बापाकडून धरू, तर त्याच्या वाट्याला दोन हजारातले चारशे सतराच्या आसपास. आणि एलिझाबेथला वर्षाचे दोनशे सहासष्टच्या वर. पुस्तकात तिला काय मिळणार आहे? आई मेल्यावर हजार पौंड, त्यावर चार टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस, आणि हे तिला ऐकवतं कोण तर खुद्द कोलिन्स, लग्नाची मागणी घालता घालता! तोंडावर सांगतो की तुझ्याकडे एवढंच आहे आणि मी ते कधी काढणार नाही. हा सीन नुसता विनोदी म्हणून शिकवतात, हिशोब केल्यावर पोरी हसत नाहीत.

बरं, मग वर्गात छाती फुगते की बघा आपल्या शरीयतने बाराशे वर्षं आधी मुलींना हिस्सा दिला. तेव्हा मी विचारते, तुमच्या अम्मीने मामांना हक्कसोडपत्र करून दिलंय का? वर्ग गप्प. कारण बऱ्याच घरांत तहसीलला नेऊन बहिणीची सही घेतलेली असते, भावाचं मन कशाला दुखवायचं म्हणून, आणि सातबाऱ्यावरून नाव जातं. कुराणात हिस्सा आहे आणि रावेरच्या केळीच्या मळ्यात नाही. म्हणजे मिसेस बेनेटची पोरी उजवायची घाई आपल्याकडे पण आहे, वेगळ्या कागदाने आलेली.

एलिझाबेथ कोलिन्सला नाही म्हणते, त्याला ते नाही म्हणणं ऐकूच येत नाही, त्याला वाटतं मुली लाजून आधी नाहीच म्हणतात. आई म्हणते याच्याशी लग्न नाही केलंस तर मी तोंड पाहणार नाही, बाप म्हणतो केलंस तर मी पाहणार नाही. बुखारीत खन्सा बिंते खिदामची हदीस आहे, बापाने तिच्या मर्जीविरुद्ध निकाह लावला, ती पैगंबरांकडे गेली आणि तो निकाह रद्द झाला. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की मुली ज्या आवाजात बोलायला लागतात तो नुसत्या धड्याने निघत नाही.

जेन एअर वाचू का? त्यात दोन लग्नांचं काहीतरी आहे म्हणे.

वाचा. १८४७, शार्लोट ब्राँटी. रोचेस्टरची पहिली बायको जिवंत, वरच्या मजल्यावर कोंडलेली, आणि हा जेनशी लग्न करायला चर्चमध्ये उभा. दरवर्षी एक तरी पोरगी म्हणतेच, "मिस, दुसरा निकाह केला असता तर पुस्तक मध्येच संपलं असतं." हशा होतो. मग मी म्हणते ठीक आहे, पण त्याने लपवलं ना, आणि चारची परवानगी ज्या आयतीत आहे त्यातच इन्साफ करता येणार नसेल तर एकच असंही आहे, वरच्या खोलीत कोंडलेल्या बाईशी कसला इन्साफ झाला? मग हशा थांबतो.

पण माझा आवडता भाग पुढचा आहे. सगळं उघडकीला आल्यावर रोचेस्टर विनवण्या करतो की लग्नाशिवाय माझ्यासोबत राहा, कोणाचं काय बिघडणार, तुला विचारणारं आहे कोण. आणि जेन, जिला ना आई ना बाप ना पैसा, म्हणते की खुदाने दिलेला कायदा मी पाळणार, कायदे काय मोह नसताना पाळायला असतात होय. आणि पहाटे निघून जाते. आजच्या बऱ्याच वाचकांना इथं जेनचा राग येतो, एवढं प्रेम आणि ही बाई नियम काय सांगते. आमच्या हिजाबवाल्या पोरींना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि नंतर तोच धर्म घेऊन सेंट जॉन नावाचा पादरी येतो, हिंदुस्थानात मिशनरी म्हणून जायचंय त्याला, तिला हिंदुस्तानी भाषा शिकवतो आणि प्रेम नसताना लग्न कर म्हणतो कारण खुदाची मर्जी आहे. त्यालाही ती नाही म्हणते. खुदाचं नाव घेऊन खुदाचं ऐकणं वेगळं आणि खुदाचं नाव घेणाऱ्या पुरुषाचं ऐकणं वेगळं. हा फरक एका पादऱ्याच्या पोरीने लिहिलाय, आपल्याला लागू होतो की नाही ते तुम्ही बघा.

(यात सुलतान आणि जनानखान्याचे टोमणे पण आहेत. समास, पेन्सिल.)

मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये कोणाच्या बाजूने व्हायचं?

अडचण होते खरी. अँटोनियो बिनव्याजी देतो, शायलॉक व्याजाने, म्हणजे सूद हराम मानणारा आपला वाचक पहिल्या अंकात अँटोनियोकडे झुकतो. मग शायलॉक विचारतो की ज्यूला डोळे नसतात का, टोचलं तर रक्त येत नाही का, आणि ज्याला पुण्यात खोली बघायला गेल्यावर नाव सांगताच "भाड्याने गेली" असं ऐकावं लागलंय तो पोरगा तिथं थांबतो. शेवटी कोर्टात शायलॉकला शिक्षा म्हणून ख्रिश्चन व्हायला लावतात आणि नाटकातले सगळे खुश. ला इकराहा फिद्दीन (धर्मात जबरदस्ती नाही) शिकलेल्या वाचकाला हा सुखान्त वाटत नाही, वाटूही नये. कोणाच्या एकाच्या बाजूने होणं काही सक्तीचं नाही, दोन्हीकडे ओढाताण होते तीच मजा आहे या नाटकाची.

डिकन्स वगैरे फार जाडजूड असतं. एकच वाचायचं तर?

ग्रेट एक्स्पेक्टेशन्स. पिप लोहाराच्या घरात वाढलेला, अचानक पैसा मिळतो, लंडनला साहेब व्हायला जातो. मग जो नावाचा तोच लोहार, ज्याने त्याला जीव लावला, लंडनला भेटायला येतो. पिप स्वतः सांगतो की पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी दिले असते. जो नवे कपडे घालून अवघडून बसतो, हॅट कुठं ठेवावी कळत नाही, शेकोटीच्या वरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती पडते, उचलतो, परत ठेवतो, परत पडते. आणि आपल्याच हाताने वाढवलेल्या पोराला मध्येच "सर" म्हणून जातो.

भुसावळला गॅरेज असलेल्या, वेल्डिंग करणाऱ्या, मालेगावला लूमवर उभ्या राहणाऱ्या बापांची पोरं असतात माझ्यासमोर, इंजिनिअरिंगला पुण्याला जाणारी. बाप होस्टेलवर येणार म्हटल्यावर "अब्बू, गेटवरच थांबा, मी येतो खाली" म्हणणारी. या प्रकरणावर मी काही विचारत नाही, नुसतं वाचून पुढे जाते.

प्रेमकथा वाचून पोरगी बिघडेल.

या पुस्तकांत पळून गेलेल्या पोरींचं पुढे काय होतं ते एकदा वाचाच चाचा, तुम्हीच आणून द्याल.

दारू, नाच, चर्च, क्रिसमस सगळं असतं.

असतं. त्यांचं गाव आहे, त्यांच्यासारखं जगतात. मराठीच्या पुस्तकात पण पंढरपूरची वारी आली म्हणून आपण परीक्षा सोडली नाही. आणि उलट बाजू पाहा, अमळनेरला शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी इस्लामी संस्कृती नावाचं पुस्तक लिहिलं, प्रेमाने लिहिलं, त्यांचं काही कमी झालं नाही.

पॅराडाइज लॉस्टबद्दल भीती वाटते. त्यात सैतान हिरो आहे म्हणतात.

मिल्टन, १६६७. हो, भाषण ठोकण्यात त्याचा सैतान एक नंबर आहे आणि इंग्रजीतले मोठमोठे कवी त्यावर फिदा झाले. पण आपण लहानपणापासून इब्लिसचं (कुराणातल्या सैतानाचं) वाक्य ऐकलंय, मी याच्यापेक्षा श्रेष्ठ, मला आगीपासून बनवलं आणि याला मातीपासून. मिल्टनचा सैतान आदमला सजदा (माथा टेकणं) नाकारून नाही तर वेगळ्या कारणाने बिघडतो, ते ख्रिश्चन अकीद्यातलं (श्रद्धेतलं) आहे, पण दुखणं तेच, मीपणा. म्हणून तो कितीही गोड बोलला तरी आपला वाचक सहसा फसत नाही. यात खुदा स्वतः पात्र म्हणून बोलतो ते मात्र आपल्याला जड जातं. मला जातं. बारावीच्या पोरांना मी हे देत नाही, एम.ए.ला भेटेलच.

ही तर गुलामीची भाषा. मेकॉलेने हे आपल्यावर लादलं ना?

लादलंच. मेकॉले म्हणजे कंपनी सरकारातला इंग्रज अधिकारी, २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात तो म्हणतो की युरोपच्या चांगल्या लायब्ररीतल्या कपाटाची एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची, आणि त्याच टिपणात कबूल करतो की मला संस्कृत येत नाही आणि अरबी पण येत नाही. भाषांतरं वाचली म्हणतो, पण मूळ न वाचता मत! हेच आपण उलट्या बाजूने करायचं का, एवढाच माझा प्रश्न.

आणि त्या कपाटात आपलं पण बरंच गेलेलं आहे. अंदलुसच्या (मुसलमान राजवटीतल्या स्पेनच्या) इब्ने तुफैलने बाराव्या शतकात हय्य बिन यकजान लिहिलं, बेटावर एकटा वाढलेला माणूस विचार करत करत खुदापर्यंत पोचतो. १७०८ मध्ये ते अरबीतून इंग्रजीत आलं आणि १७१९ मध्ये डेफोचा रॉबिन्सन क्रूसो आला, बेटावर एकटा माणूस. डेफोने ते वाचलंच होतं असा पक्का पुरावा नाही, म्हणून "त्यांनी आपलं चोरलं" असं स्टेटस ठेवू नका. पण दोन्ही शेजारी वाचा. हय्य बेटावर तारे पाहतो, क्रूसो बेटावर हिशोबाची वही ठेवतो. क्रूसो आधी मोरोक्कोत मूर लोकांचा गुलाम असतो, झुरी नावाचा पोरगा त्याला पळून जायला साथ देतो, आणि सुटका झाल्याबरोबर हा त्याच झुरीला पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना देऊन टाकतो. वर अट काय, तर ख्रिश्चन झाला तर दहा वर्षांनी मोकळा. साम्राज्य म्हणजे काय ते या एका व्यवहारात जेवढं कळतं तेवढं इतिहासाच्या गाईडमध्ये नाही.

नोकरी लागते का यावर?

नुसती कादंबरी वाचून नाही. एम.ए., नेट-सेट, बी.एड. करायचं तर हे लागतंच. स्पर्धा परीक्षेत इंग्रजी उताऱ्याला फायदा होतो. बाकी खोटं आमिष मी दाखवत नाही.

मूळ वाचायचं का सोपं केलेलं? मराठी-उर्दू भाषांतर चालेल का?

सुरुवातीला सगळं चालेल. शाळकरी छोटी आवृत्ती वाचा, गोष्ट कळू द्या, मग मूळ पुस्तकातली आवडलेली दोन-तीन प्रकरणं वाचा. शेक्सपियर तर आपल्याकडे भाषांतरातूनच आला, मराठीत आगरकरांनी हॅम्लेट आणला, देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, उर्दूत आगा हश्र काश्मिरींनी किंग लिअर पारशी थिएटरवर खेळवला, आणि आपले पणजोबा बिड्या ओढत रात्रभर बघायचे. कविता मात्र मूळच वाचा, छोटी असते, जमते. धरणगावच्या बालकवींचं "श्रावणमासी" ज्याला पाठ आहे त्याला वर्ड्सवर्थ परका वाटत नाही. शेलीची ओझिमँडियस तर चौदा ओळींची आहे, वाळवंटात पडलेला मोडका पुतळा आणि खाली लिहिलंय मी राजांचा राजा. फिरऔनचा (कुराणातल्या मिसरच्या घमेंडी राजाचा) किस्सा ऐकलेल्या पोराला प्रस्तावना लागत नाही.

पुस्तकं कुठून आणायची? परवडत नाहीत.

फुकट आहेत, कायदेशीर फुकट. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे ऑस्टिन, डिकन्स, ब्राँटी सगळे मोकळे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून मोबाईलवर उतरवा, लिब्रिवॉक्सवर कोणीतरी वाचलेलं ऐकायला मिळतं, तेही फुकट. फॉर्स्टरचं अ पॅसेज टु इंडिया मात्र अजून मोकळं नाही, तो १९७० मध्ये गेला, ते लायब्ररीतून आणा. हे आणाच, कारण डॉक्टर अझीज आहे त्यात, तापाने पडून गालिब म्हणणारा, आणि पुस्तक अर्पण केलंय सय्यद रॉस मसूदला, अलीगढवाले सर सय्यद यांचा नातू. जळगावला व. वा. वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय आहे, आणि तालुक्याच्या वाचनालयात पण एखादं इंग्रजी कपाट असतंच, कुलूप लावलेलं. किल्ली मागा. मागणारा आला की ग्रंथपालांना बरंच वाटतं.

रमजानमध्ये वाचायचं का?

रमजानमध्ये कुराण. ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदेला, लोळत पडून काय करता तेव्हा कादंबरी काढा.

घरात कोणाला इंग्रजी येत नाही, पोरगं अडलं तर विचारणार कोणाला?

आधी तर प्रत्येक शब्दाला अडू नका, वाक्य गेलं तर जाऊ द्या, पान गेलं तर मागे या. दोन-तीन जणांनी मिळून एकच पुस्तक घ्या, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मोबाईलवर बघत जायचं. गोष्ट घरी अम्मीला आपल्या बोलीत सांगा, जिथं सांगता येत नाही तिथंच कळलेलं नाही, ते पान खुणा करून ठेवा. आणि कॉलेजच्या इंग्रजीच्या शिक्षकांना विचारा की, ऑफ तासाला आम्ही स्टाफरूममध्ये चहाच पीत असतो. फक्त जून-जुलैत ॲडमिशनच्या गर्दीत येऊ नका, दिवाळीनंतर या.